सीताफळाला फुले भरपूर येतात, पण फळ धरत नाही

अंगणवेल | २४ मे, सकाळी ७.४०

नमस्कार. आमच्या पुण्यातील घराच्या मागच्या अंगणात सात वर्षांचे सीताफळाचे झाड आहे. माझे सासरे मूळचे धारूरचे. गावाकडून आणलेल्या एका मोठ्या फळाच्या बिया त्यांनी कुंडीत रुजत घातल्या आणि त्यांतील सर्वांत जोमदार रोप स्वतः खड्डा खणून लावले. झाड आता सुमारे दहा फूट उंच आहे, पाने हिरवीगार आहेत, आणि गेली तीन वर्षे एप्रिलच्या अखेरीपासून फांद्याफांद्यांवर फुले लटकतात. मात्र ती चार-सहा दिवसांत वाळून गळतात. पहिल्या वर्षी एकही फळ मिळाले नाही, दुसऱ्या वर्षी दोन मिळाली आणि मागील वर्षी तीन. तीही एका बाजूने फुगलेली आणि दुसऱ्या बाजूने खुरटलेली.

झाडाची आबाळ होते असे मला वाटत नाही. शेजारच्या हिरवळीला वर्षभर रोज पाणी असते, ते या झाडालाही मिळते. दर दोन महिन्यांनी शेणखत घालते. एका रोपवाटिकेतून फुलगळ थांबवण्याचे औषध आणून दोनदा फवारले, पण काही फरक पडला नाही. सासरे आता ८३ वर्षांचे आहेत. ते रोज सकाळी काठी टेकत झाडाखाली जातात आणि परत येऊन "एकही धरलेलं नाही" एवढेच सांगतात. आमचे नेमके कुठे चुकते आहे?

बालाघाटकर | २४ मे, सकाळी ९.०५

ताई, तुम्ही या झाडाचे लाड फार करता, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या बालाघाटाच्या डोंगररांगांत सीताफळ कोणी लावलेले नाही आणि कोणी त्याला पाणी घातलेले नाही. धारूर, अंबाजोगाई, केज या पट्ट्यातील मुरमाड उतारांवर ते आपोआप उगवते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पाट्या भरभरून फळ देते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच खडकाळ जमिनीतल्या गोडीमुळे. शेळ्यासुद्धा त्याचा पाला खात नाहीत, त्यामुळे कुंपणही लागत नाही. तुमच्या सासऱ्यांना विचारा, तेही हेच सांगतील. खत बंद करा, पाणी बंद करा, औषध तर मुळीच नको, आणि पावसाची वाट पाहा.

पाचर_कलम | २४ मे, दुपारी १.२०

बालाघाटकरांचा पाण्याचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. मी पुरंदर तालुक्यात २२ वर्षे सीताफळाची कलमे बांधतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ताईंनी दिलेल्या माहितीतली सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे फळांचा वेडावाकडा आकार. सीताफळ हे एक फळ दिसत असले तरी ती अनेक लहान फळांची एकत्र बांधलेली मोळी असते. बाहेरून दिसणारा प्रत्येक डोळा म्हणजे फुलातला एक स्वतंत्र स्त्रीकेसर. त्यांपैकी जेवढ्यांना पराग मिळतात तेवढेच डोळे भरतात. एका बाजूच्या स्त्रीकेसरांना पराग मिळाले आणि दुसऱ्या बाजूच्यांना मिळाले नाहीत, तर फळ एकीकडे फुगते आणि दुसरीकडे खुरटते. म्हणजे तुमच्या झाडाला रोग नाही, बहुतेक उपासमारही नाही. त्याच्या फुलांना पराग पोहोचत नाहीत.

याचे कारण फुलाच्या स्वभावात आहे. सीताफळाच्या एकाच फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात, पण त्यांच्या वेळा जुळत नाहीत. फूल किंचित उमलते तेव्हा स्त्रीकेसर ओलसर, चिकट आणि पराग घ्यायला तयार असतात, मात्र त्या वेळी त्याच फुलाचे परागकोष बंद असतात. पुढे तीन जाड पाकळ्या पूर्ण फाकतात आणि परागकोष फुटतात, तोवर स्त्रीकेसर सुकलेले असतात. म्हणून एका फुलाचे पराग दुसऱ्या, आत्ताच उमलू लागलेल्या फुलाकडे कोणीतरी न्यावे लागतात. मधमाशी या फुलाकडे फारशी फिरकत नाही.

उद्या सकाळी लवकर झाडाखाली जा आणि एक अर्धवट उमललेले फूल व एक पूर्ण उघडलेले फूल शेजारी धरून पाहा. मी काय म्हणतो ते डोळ्यांना दिसेल.

अंगणवेल | २५ मे, सकाळी ६.५५

पाचर_कलम दादा, आत्ताच पाहून आले. अर्धवट उमललेल्या फुलाच्या आत मध्यभागी दवासारखी चमक होती. पूर्ण उघडलेल्या फुलाला बोट लावले तर बोटावर फिकट पिवळसर भुकटी आली. सात वर्षे हे झाड माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आहे आणि हे मी आज पहिल्यांदा पाहिले.

सासवडची_लेक | २५ मे, सकाळी १०.३०

आमच्या माहेरच्या बागेत आई आणि मी दर वर्षी हाताने परागीकरण करतो, त्यामुळे त्याची पद्धत मी सांगते.

संध्याकाळी पाकळ्या सैल होऊ लागलेली फुले देठासह तोडून कागदाच्या पिशवीत ठेवायची. प्लॅस्टिकची पिशवी नको, तिच्यात ओल धरते आणि पराग गोळा होतात. रात्रीत परागकोष फुटतात. सकाळी फुले कागदावर हलकेच झटकली की भुकटी मिळते. ती लहान डबीत घ्यायची. मग सकाळी सहा ते नऊ या वेळेत अर्धवट उमललेली फुले शोधायची, एका हाताच्या दोन बोटांनी पाकळ्या अलगद बाजूला करायच्या आणि चित्रकलेचा मऊ बारीक कुंचला परागात बुडवून मधल्या उंचवट्यावर सर्व बाजूंनी गोल फिरवायचा. सर्व बाजूंनी, हे महत्त्वाचे आहे. नाहीतर फळ पुन्हा वाकडेच येते. पराग त्याच दिवशी वापरायचे, कारण ते फार टिकत नाहीत.

ज्या फुलावर काम झाले त्याच्या देठाला रंगीत दोरा बांधा, म्हणजे आठ-दहा दिवसांनी किती धरली ते कळते. फांदीच्या टोकाच्या फुलांपेक्षा जाड फांदीजवळची फुले निवडा. तिथले फळ चांगले पोसते आणि वजनाने फांदी मोडत नाही. एका झाडावर दिसेल त्या प्रत्येक फुलाच्या मागे लागू नका. सात वर्षांच्या झाडाला ४०-५० चांगली फळे पुरेशी आहेत.

बालाघाटकर | २५ मे, दुपारी १२.१५

माझा प्रश्न तसाच राहिला. हाताने पराग लावल्याशिवाय फळ धरत नसेल, तर आमच्या डोंगरावर कुंचला घेऊन कोण जाते?

सहा_पाय | २५ मे, रात्री ९.४५

प्रश्न रास्त आहे. मी कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवतो, म्हणून उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

डोंगरावर हे काम अगदी बारीक भुंगेरे करतात. ते दोन-तीन मिलिमीटर लांबीचे, तपकिरी-काळे असतात आणि आंबलेल्या फळांच्या वासाने आकर्षित होतात. सीताफळाच्या फुलाला असणारा फळासारखा वास त्यांच्यासाठीच असतो. ते अर्धवट उमललेल्या फुलात शिरतात, पाकळ्यांच्या आड रात्र काढतात आणि अंगाला पराग लावून दुसऱ्या फुलात जातात. डोंगरावर शेकडो झाडे जवळजवळ असतात, खाली वर्षानुवर्षांचा पाचोळा आणि कुजलेली फळे असतात, त्यामुळे भुंगेऱ्यांची वस्ती कायम असते. शहरातल्या अंगणात एकच झाड आणि खाली झाडून स्वच्छ केलेली फरशी किंवा हिरवळ असेल, तर भुंगेरे येणार कुठून? त्यात फुलगळीसाठी म्हणून दिलेल्या औषधात कीटकनाशक मिसळलेले असेल, तर उरलेसुरलेही गेले असतील.

दुसरे कारण हवेचे आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या, तापलेल्या हवेत स्त्रीकेसरांवरची ओल लवकर सुकते आणि पराग रुजत नाहीत. डोंगरावरसुद्धा मेमधली बहुतेक फुले गळतात. तिथे फळ धरते ते मुख्यतः मृगाच्या पावसानंतर हवा दमट झाल्यावर उमललेल्या फुलांना. आपण ऑक्टोबरमध्ये फळे मोजतो, मेमध्ये गळालेली फुले कोणी मोजत नाही. म्हणून डोंगरावर सगळेच धरते असा समज होतो.

ताईंना एक उपाय सुचवतो. फुलोऱ्याच्या दिवसांत झाडाखाली सावलीत जास्त पिकलेल्या अननसाची साले किंवा केळी एका उथळ भांड्यात ठेवा आणि खालचा पाचोळा झाडू नका. भुंगेरे येऊ लागतात.

कोरडवाहू | २६ मे, सकाळी ८.००

सर, तुमच्या शेवटच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. माझ्याकडे साडेतीन एकर सीताफळ आहे आणि बागेत सडकी फळे ठेवणे म्हणजे फळमाशीला घर बांधून देणे आहे. दोन हंगामांपूर्वी मजूर न मिळाल्याने गळालेली फळे झाडाखालीच राहिली आणि मागच्या तोडणीतल्या कितीतरी फळांत अळ्या निघाल्या. तेव्हापासून गळालेले प्रत्येक फळ वेचून खड्ड्यात पुरतो आणि नर फळमाशीला ओढणाऱ्या मिथाइल युजेनॉलचे सापळे लावतो.

सहा_पाय | २६ मे, सकाळी ८.५०

आपला अनुभव पूर्णपणे खरा आहे आणि मी वेळेची मर्यादा स्पष्टपणे लिहायला हवी होती. साले ठेवायची ती फक्त फुलोऱ्याच्या तीन-चार आठवड्यांत. त्या वेळी झाडावर पक्वतेला आलेले फळ नसते, त्यामुळे फळमाशीला नासवण्यासारखे तिथे काही नसते. साले दर चार दिवसांनी बदलायची, जुनी खोल पुरायची. फळ सुपारीएवढे झाले की हे सर्व बंद करायचे आणि तिथून पुढे आपण सांगता तीच स्वच्छता पाळायची.

कोरडवाहू | २६ मे, सकाळी ९.१०

असे असेल तर माझी हरकत नाही.

आता पाण्याविषयी लिहितो, कारण माझ्या मते ताईंच्या झाडाची अर्धी अडचण तिथे आहे. सीताफळ हे पानगळीचे झाड आहे. थंडीत त्याने पाने टाकून विश्रांती घेतली पाहिजे. ताई, तुमच्या झाडाची पाने जानेवारी-फेब्रुवारीत पूर्ण गळतात का? मला वाटते गळत नसतील, कारण हिरवळीचे पाणी त्याला झोपू देत नाही.

पानगळ का महत्त्वाची, ते पाहा. इतर बहुतेक झाडांत पानाच्या बगलेत डोळा, म्हणजे नव्या फुटीचा अंकुर, उघडा दिसतो. सीताफळात तो देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो आणि देठ गळून पडल्याशिवाय दिसतही नाही. जुनी पाने अडून बसली तर नवी फूट विस्कळीत आणि उशिरा येते, आणि चांगली फुले तर नव्या फुटीवरच येतात. आम्ही फळांची तोडणी संपली की डिसेंबरपासून पाणी पूर्ण तोडतो, जानेवारी-फेब्रुवारीत हलकी छाटणी करतो, उरलेली पाने हाताने ओरबाडतो आणि मेच्या मध्यानंतर पहिले पाणी देतो. त्यामुळे मुख्य फुलोरा पावसाच्या तोंडावर येतो आणि सरांनी सांगितलेली दमट हवा त्याला मिळते. ज्यांच्याकडे पाण्याची खात्री असते ते बहर आधीही धरतात आणि त्यांना बाजारही चांगला मिळतो, पण मग उन्हाळ्यात बागेत गारवा राखावा लागतो.

बालाघाटकर | २६ मे, सकाळी ११.३०

म्हणजे पाणी बंद करा हे मी म्हणालो ते योग्यच होते. मात्र कशासाठी ते मला आज कळले. फुलातल्या किड्यांचे तर मला काहीच माहीत नव्हते. सरांचे आभार.

काळी_माती | २६ मे, रात्री ८.२०

मी यवतमाळ जिल्ह्यातला आहे. पाण्याचा विषय निघाला म्हणून माझे नुकसान सांगतो, कोणाला तरी उपयोग होईल. सीताफळ कुठेही येते असे ऐकून मी भारी काळ्या जमिनीत ६० कलमे लावली. तिसऱ्या पावसाळ्यात दहा-बारा दिवस सलग पाऊस झाला, शेतात पाणी साचले आणि त्या वर्षी २६ झाडे पिवळी पडून वाळली. उपटून पाहिले तेव्हा मुळांची साल हाताने निघत होती. या झाडाची मुळे उथळ असतात; कोरड ती सहन करतात, पण साचलेले पाणी सहन करत नाहीत. पुढच्या लावणीला दीड-दोन फूट उंचीचे गादीवाफे केले, खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळून भरले आणि उताराच्या दिशेने चर काढले. ती झाडे आज उत्तम आहेत. हलकी, मुरमाड, निचऱ्याची जमीन नसेल तर आधी निचरा करा आणि मगच रोप आणा.

मृगधारा | २८ मे, दुपारी ४.१०

थोडे विषयांतर करते. सीताफळ मुळात आपले आहे की बाहेरून आलेले? आमच्या आजी सांगत की वनवासात सीतामाईंनी हे फळ रामाला दिले.

पाचर_कलम | २८ मे, सायंकाळी ६.००

वनस्पतिशास्त्रानुसार सीताफळाचे मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेत आहे आणि ते पोर्तुगिजांच्या काळात आपल्याकडे आले असे सामान्यतः मानले जाते. मध्य प्रदेशातील भारहूतच्या प्राचीन स्तूपाच्या शिल्पांत सीताफळ कोरलेले आहे असे पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांचे मत होते, त्यामुळे त्यावर जुना वाद आहे. ते कसेही असो, रामफळ, लक्ष्मणफळ, हनुमानफळ अशी सगळ्या भावंडांची नावे ठेवून आपल्या लोकांनी त्याला घरात घेतले, हे मला फार मोठे वाटते. आजींच्या गोष्टीला माझ्याकडून नमस्कार.

ब्रिस्बेनहून | २९ मे, सकाळी ६.३०

इकडे क्वीन्सलँडमध्ये ज्याला कस्टर्ड ॲपल म्हणतात ते आपले सीताफळ नसून सीताफळ आणि त्याच्याच कुळातले चेरिमोया यांचा संकर आहे. त्याला अटेमोया हे नाव आहे. हा संकर १९०८ मध्ये फ्लोरिडात झाला. माझ्या परसात त्याची दोन झाडे आहेत. पिंक्स मॅमथ या जातीला हाताने पराग लावल्याशिवाय फारशी फळे धरत नाहीत, आणि आफ्रिकन प्राइड ही जात मात्र बऱ्यापैकी आपोआप धरते. म्हणजे एकाच घराण्यात जातीजातीत एवढा फरक असू शकतो. इथले बागायतदार पाने काढून डोळे जागे करतात, ते मी पाहिले होते. त्यामागचे कारण आज मराठीत वाचायला मिळाले.

नवी_लावण | ३० मे, सकाळी १०.००

मला या पावसाळ्यात अर्धा एकर लावायचे आहे. कोणती जात घ्यावी? मला एका ठिकाणी सोनेरी फळाची कलमे म्हणून दिलेली २० रोपे प्रत्यक्षात साधी निघाली, म्हणून विचारतो.

पाचर_कलम | ३० मे, दुपारी २.१५

तुमचे नुकसान वाचून वाईट वाटले. रोपे नेण्याआधी कलमाचा सांधा बोटाने तपासा, आणि लावल्यावर सांध्याच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा काढत राहा. अनेकदा कलम बरोबर असते, पण खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या रोपाचे, फुटवे वाढून कलमाचा भाग मरतो आणि आपण साध्या झाडाची निगा राखत बसतो.

बाळानगर ही तेलंगणातली जुनी, खात्रीची जात आहे. फुले पुरंदर ही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची निवड आहे आणि आमच्या भागात ती चांगली रुळली आहे. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का सहन ही संकरित जात गराला भरपूर, बियांना कमी आणि चवीला फार गोड आहे. पण तिच्या अंगात अटेमोयाचे रक्त आहे, त्यामुळे आमच्या अनुभवात तिला बाळानगरचे पराग हाताने लावावे लागतात. बार्शी तालुक्यातील गोरमाळे येथे निवडीतून तयार झालेली एनएमके-१ गोल्डन मोठ्या क्षेत्रावर लागली आहे, कारण तिचे फळ मोठे, दिसायला देखणे असते आणि तोडल्यावर जास्त दिवस टिकते. ५ बाय ५ मीटर अंतर ठेवा. दाट लावाल तर छाटणीत कसूर चालणार नाही.

बालाघाटकर | ३० मे, दुपारी ३.४०

सोनेरी फळ बाजारात चालते हे मान्य आहे. परंतु गावरान सीताफळाचा वास आणि तो रवाळ गर त्याला नाही. अंबाजोगाईचे सीताफळ संशोधन केंद्र आमच्या भागातल्या झाडांतून निवड करत आले आहे, आणि धारूर-६ ही जात त्यातलीच. नवीन लावणाऱ्यांनी बांधावर तरी दहा गावरान झाडे ठेवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. डोंगरावरची चांगली झाडे दर वर्षी वणव्यात आणि सरपणात जात आहेत. एकदा गेलेला वाण परत मिळत नाही.

सासवडची_लेक | ३० मे, सायंकाळी ५.०५

याला माझे मनापासून अनुमोदन.

अंगणवेल | १९ जुलै, सकाळी ७.१५

सविस्तर वृत्तांत देते. हिरवळीची नळी वळवून घेतली. कोरडवाहू यांचा अंदाज खरा होता. सासरे म्हणाले की या झाडाची पाने हिवाळ्यात कधीच पूर्ण गळत नाहीत आणि गावाकडे मात्र माघात झाडे उघडी पडत. पाऊस सुरू झाल्यावर १८ जूनपासून दहा दिवस सकाळी परागीकरण केले. सासरे खुर्चीवर बसून दोऱ्याचे तुकडे कापून देत आणि कोणते फूल योग्य आहे ते त्यांच्या नजरेला माझ्याआधी दिसे. एकूण ५४ फुलांना लाल दोरा बांधला. आज त्यांतील ३१ धरलेली आहेत. दोरा न बांधलेल्या फुलांपैकीही सात धरली आहेत. सालांच्या भांड्यात बारीक भुंगेरे दिसले होते, कदाचित ते त्यांचे काम असेल.

आता नवी अडचण अशी आहे की काही फळांच्या खोबणीत पांढरा कापसासारखा थर आहे आणि मुंगळ्यांची रांग लागली आहे.

कोरडवाहू | १९ जुलै, सकाळी ८.३०

तो पिठ्या ढेकूण आहे. त्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, मुंगळ्यांना तो हवा असतो, म्हणून ते त्याला सांभाळतात. आधी मुंगळ्यांची वाट तोडा: खोडाला जमिनीपासून फूटभर उंचीवर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा, आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या काढा, नाहीतर ते तिकडून चढतील. ३८ फळे म्हणजे हाताने होण्यासारखे काम आहे. मऊ ब्रशने साबणाच्या पातळ पाण्यात फळे धुऊन घ्या आणि आठवड्याने पुन्हा पाहा. रासायनिक फवारणी करू नका, कारण या किडीला खाणारे मित्रकीटकही तिच्याने मरतात.

जी फळे सुपारीएवढीच राहून काळी आणि टणक होतील, ती दगडी फळे. ती आपोआप गळत नाहीत. तोडून नष्ट करा.

सहा_पाय | १९ जुलै, सकाळी ९.००

ब्रशने धुताना एक पाहा. पांढऱ्या झालरीच्या मोठ्या अळ्या चपळपणे फिरताना दिसल्या तर त्यांना मारू नका. त्या बहुधा क्रिप्टोलिमस या भुंगेऱ्याच्या असतील आणि त्या पिठ्या ढेकूणच खातात.

मृगधारा | २१ जुलै, दुपारी १२.४०

कीटकांवरून आठवले. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी केसांना लावण्याची पद्धत खेड्यांत अजूनही आहे. कृपया कोणीही ती वापरू नये. आमच्या शेजारच्या आठ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत न्हाताना ती पूड गेली आणि बुबुळाला इजा झाली. नजर पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागले. बियांचे हात डोळ्यांना लागले तर लगेच भरपूर पाण्याने डोळे धुवा आणि डॉक्टरांकडे जा. पाला दशपर्णी अर्कात, म्हणजे दहा वनस्पतींच्या पानांपासून केलेल्या कीडनाशक अर्कात, वापरतात, तोही हाताळताना हीच काळजी घ्यावी.

अंगणवेल | ११ ऑक्टोबर, सकाळी ८.००

फळे मोठी झाली आहेत. पिठ्या ढेकूण दोन धुण्यांत आटोक्यात आला, सहा फळे दगडी झाली, एक खारीने नेले. तोडायची कधी?

सासवडची_लेक | ११ ऑक्टोबर, सकाळी ९.२०

फळाने डोळे उघडले की. दोन डोळ्यांमधल्या खोबणी रुंद होतात, त्यांत पिवळसर पांढरा रंग दिसू लागतो आणि फळाचा हिरवा रंग फिका पडतो. फळ तेव्हाही हाताला घट्टच लागते. देठाचा लहान तुकडा ठेवून कात्रीने काढा आणि गवतात किंवा कागदात आढी घाला. तीन-चार दिवसांत ते मऊ होते. झाडावर पिकू दिले तर पक्षी खातात किंवा फळ उकलते. कच्चे फळ फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने साल काळी पडते आणि ते नीट पिकत नाही.

बासुंदी करणार असाल तर दूध गार झाल्यावर गर घाला. उकळत्या दुधात घातला तर तो कडवट होतो.

अंगणवेल | २८ ऑक्टोबर, सायंकाळी ६.३०

३१ फळे मिळाली. सर्वांत मोठे ३४० ग्रॅमचे भरले आणि लाल दोऱ्यांच्या फळांपैकी एकही वाकडे नाही. पहिले फळ सासऱ्यांनी हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिले, मग दोन्ही अंगठ्यांनी मधोमध उकलले आणि अर्धे मला दिले. त्यांनी सर्व बिया धुऊन सावलीत वाळत घातल्या आहेत. त्यांतल्या धारूरला भाच्याकडे पाठवायच्या आहेत, आणि बालाघाटकर दादा, हव्या असतील तर तुम्हालाही.

बालाघाटकर | २८ ऑक्टोबर, रात्री ८.१०

जरूर पाठवा. मूळ आमच्याकडचाच वाण आहे, तो बांधावर लावीन. आणि पुढच्या पावसात मी डोंगरावरच्या एका झाडाची काही फुले दोरे बांधून पाहणार आहे.

कोरडवाहू | २८ ऑक्टोबर, रात्री ९.००

अभिनंदन, ताई. शेवटचे फळ उतरले की झाडावर एकही काळे फळ ठेवू नका आणि डिसेंबरपासून पाणी पूर्ण तोडा. या वेळी पानगळ नीट झाली तर फेब्रुवारीत आत वाढलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि जमिनीकडे झुकलेल्या फांद्या काढा, बाकीच्यांचे फक्त शेंडे मारा. छाटणीआधी झाडाचा एक फोटो इथे टाका, म्हणजे कोणती फांदी ठेवायची ते सगळे मिळून पाहू.